चौदा टनांची क्रेन चौदा टन कधी उचलते?

गळीत हंगाम सुरू झाला की बार्शी-कुर्डुवाडी रस्त्यावर रात्री एक दृश्य ठरलेलं. उसाची ट्रॉली साइडपट्टीवरून घसरून आडवी झालेली असते, मोळ्या डांबरावर पसरलेल्या असतात, मागे गाड्यांची रांग लागलेली असते आणि ट्रॅक्टरवाला फोन लावून ‘हायड्रा’वाल्याला झोपेतून उठवत असतो. हायड्रा हे मुळात एस्कॉर्ट्स कंपनीच्या क्रेनचं नाव. आता कुठल्याही कंपनीची, वजन उचलून तसंच घेऊन चालणारी पिवळी क्रेन म्हणजे हायड्राच. कारखान्याच्या रोलरपासून महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत आणि विहिरीत पडलेल्या गाईपासून गणपतीच्या मूर्तीपर्यंत, तालुक्यात जे जे जड म्हणून उचलायचं असतं त्यासाठी तिलाच बोलावणं जातं.

ती येते तेव्हा गर्दीत सल्लागारांना तोटा नसतो. कुणी पट्टा कुठे टाकायचा ते सांगतो, कुणी बूम अजून लांब करायला लावतो. आणि वजन घेताना क्रेनची मागची चाकं हलकी होऊ लागली की एक सल्ला हटकून येतो : ‘रेस दे, रेस दे!’ क्रेनबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज या दोन शब्दांत आहे.

क्रेनमध्ये डिझेल इंजिन असतं, बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्याच जातकुळीचं, पन्नास हॉर्सपॉवरच्या आगेमागे. हे इंजिन वजन उचलत नाही, पंप फिरवतं. पंप टाकीतलं तेल ओढून व्हॉल्व्हमार्गे सिलिंडरांत ढकलतो. एक सिलिंडर बूम वर-खाली करतो, दुसरा ती लांबवतो आणि आखडतो. हुकाचा दोर गुंडाळणारा ड्रम हायड्रॉलिक मोटारीवर फिरतो. रेस दिली की पंप जोरात फिरतो, मिनिटाला जास्त तेल जातं आणि सगळ्या हालचाली जलद होतात. ताकद मात्र तेलाच्या दाबावर ठरते, आणि दाबाची कमाल मर्यादा रिलीफ व्हॉल्व्हने आधीच बांधून दिलेली असते. म्हणजे रेस दिल्याने क्रेनला जास्त उचलता येत नाही, जे चाललं आहे तेच घाईने होतं. तोल जायच्या बेतात असलेल्या यंत्राला त्या क्षणी नको असते ती नेमकी घाई.

पाण्याच्या दाबावर वजन उचलायची ही युक्ती व्यवहारात आणली ती एका वकिलाने. विल्यम आर्मस्ट्राँगने १८४६ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या धक्क्यावर शहराच्या नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन चालवून दाखवली आणि पुढे वकिली सोडून कारखानाच काढला. पाण्याच्या जागी तेल आलं, यंत्र चाकांवर चढलं, पण मूळ तत्त्व तेच राहिलं. बदलली ती एक गोष्ट. आर्मस्ट्राँगची क्रेन धक्क्याच्या दगडात रोवलेली होती. चाकांवरची क्रेन जमिनीला कशानेच बांधलेली नसते. ती उभी राहते ती केवळ स्वतःच्या वजनावर.

हायड्रा वजन पुढच्या अंगाला घेते. तेव्हा पुढचा ॲक्सल म्हणजे तराजूची दांडी जिथे टेकते तो बिंदू. एका पारड्यात इंजिन, चासी आणि मागचं काउंटरवेट. दुसऱ्यात हुकाला लटकलेला माल. ३ टनांचं यंत्र पुढच्या चाकांपासून २ मीटरवर असेल तर त्याचा ओढा ६ टन-मीटर. बूम लांबवून तेच ४ मीटरवर नेलं की १२ टन-मीटर. यंत्राचं वजन किलोभरही वाढलेलं नाही, क्रेनला मात्र ते दुप्पट झालं. म्हणून गाडीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले ‘१४ टन’ हा एकाच अवस्थेचा आकडा आहे : बूम पूर्ण आखडलेली, वजन चाकांच्या अगदी जवळ, जमीन सपाट आणि कडक. बाकी सगळ्या अवस्थांचे आकडे केबिनमधल्या लोड चार्टवर असतात. तो चार्ट उन्हाने पांढरा पडलेला नसला, तर त्यावर देवाचा फोटो तरी चिकटवलेला असतो.

चार्टमधला आकडाही काठावरचा नसतो. अमेरिकेतल्या मानकांनुसार टायरवर उभ्या असलेल्या क्रेनची क्षमता ठरवताना, ती उलटायला जेवढं वजन लागेल त्याच्या ७५ टक्केच धरतात. जॅकवर उभी असेल तर ८५ टक्के. उरलेला हिस्सा वाऱ्यासाठी, झटक्यासाठी, चाकाखाली आलेल्या खड्ड्यासाठी राखून ठेवलेला असतो. आपल्याकडे पुष्कळांना तो ‘कंपनीने मुद्दाम कमी सांगितलेला’ वाटतो आणि हिशेबात धरून टाकला जातो. यातूनच गॅरेजमधली ‘प्रेशर वाढवून द्या’ ही फर्माईश येते. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळला की दाब वाढतो हे खरं. पण बूम लांब असते तेव्हा दाबाची मर्यादा यायच्या आधी क्रेन उलटते. बूम आखडलेली असते तेव्हा वाढलेला दाब होजपाइप, सील आणि बूमच्या वेल्डिंगवर जातो. दोन्हीकडे मालकाच्या पदरात काही पडत नाही.

उलटलेली ट्रॉली सरळ करणं हे काम दिसतं तेवढं साधं नाही, कारण इथे वजन किती आहे हेच कुणाला माहीत नसतं. कारखान्याच्या काट्यावर जायच्या आधीच ट्रॉली पडलेली असते. शिवाय ती सरळ वर यायची नसते, फिरून उभी राहायची असते; त्यामुळे अर्ध्या वाटेत ओढ्याची दिशा बदलते. ट्रॉली चाकांवर आदळते त्या क्षणी पट्टा एकदम सैल पडतो, किंवा ती पलीकडे कलली तर बूमला आडवा हिसका देते. बूम उभ्या ओढ्यासाठी बांधलेली असते, आडव्या ओढ्यात ती सहज पिळवटते. शहाणा ऑपरेटर आधी ऊस खाली करायला लावतो. तासभर जातो, ऊसतोड टोळीची कुरकुर ऐकावी लागते, रस्ता मोकळा करायला आलेला हवालदार घाई करतो. तरी रिकामी ट्रॉली उचलणं हे माहीत असलेलं वजन उचलणं असतं. रात्रीच्या अंधारात क्रेनच्या आजूबाजूला फिरणारी माणसं ही त्याहून मोठी डोकेदुखी. जुन्या बनावटीच्या हायड्रात बूम ड्रायव्हरच्या नजरेच्या आड येते, तिच्या पलीकडच्या बाजूला कोण उभं आहे ते त्याला दिसतच नाही. म्हणून इशारा देणारा माणूस एकच हवा, आणि तो ड्रायव्हरला सतत दिसायला हवा. फक्त ‘थांब’चा इशारा कुणीही द्यावा, आणि तो कुणीही दिला तरी पाळावा.

जमीन किती भार सोसेल, हा प्रश्न बार्शीला तसा जुनाच. १८९७ मध्ये बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने तिचं सगळं गणित एका आकड्याभोवती बांधलं होतं : कुठल्याही ॲक्सलवर ५ टनांहून जास्त भार येता कामा नये. गेज अडीच फुटांचं, रूळ हलके. म्हणून तीस टनांच्या आसपासच्या इंजिनालाही त्याने सहा ॲक्सलांवर पसरवलं.

क्रेनवाल्याला हेच गणित दर कामाला नव्याने करावं लागतं, आणि त्याच्याकडे रूळ नसतात. ट्रकवर बसवलेली मोठी क्रेन चार जॅकवर उभी राहते, पण वजन ज्या बाजूला फिरतं तिकडच्या जॅकवर बहुतेक सगळा भार येतो. समजा एका जॅकवर २० टन आले आणि त्याचा पाय ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा आहे. दर चौरस मीटरला १२५ टन झाले. त्याच पायाखाली एक मीटर चौरस, जाड लाकडी ओंडक्यांचा थर घातला तर २० टन. चांगली वाळलेली काळी माती १५ टनांपर्यंत भार घेते असं बांधकामाची कोष्टकं सांगतात. ओली झाली की त्याहून कितीतरी कमी. म्हणजे लाकूड घातल्यावरसुद्धा काळ्या रानात हे काम बसत नाही. खाली मुरूम दाबून घ्यायला हवा, नाहीतर लाकडाचा पसारा आणखी वाढवायला हवा. काळी माती वरून वाळते, भेगाळते, कडक वाटते. दोन वितींखाली ओल असते. नुकती बुजवलेली पाइपलाइनची चारी, सेप्टिक टँकचं झाकण, विहिरीचा काठ या जागा तर क्रेनच्या शत्रूच. खड्डा किंवा विहीर जेवढी खोल, निदान तेवढ्या अंतरावर चाक किंवा जॅक ठेवावा, हा ढोबळ नियम पाळला तर विहिरीतली गाय बाहेर येते आणि क्रेन आत जात नाही.

जमीन कडक असूनही तिरकी असेल तर चार्टमधले आकडे रद्द. बूम लांब आणि उभी असताना ३ अंशांचा कल निम्मी क्षमता खाऊ शकतो. ३ अंश म्हणजे मीटरभर अंतरात जेमतेम ५ सेंटिमीटरचा उतार. गावातल्या कुठल्याही रस्त्याच्या कडेला तो असतोच.

वर पाहायचं ते तारांसाठी. ११ केव्हीची लाइन रस्ता ओलांडताना जमिनीपासून किमान ६.१ मीटर आणि रस्ता सोडून शेतातून जाताना ४.६ मीटर उंच असावी, असा नियम आहे. त्यात जुने खांब कललेले, तारा झोळ खाल्लेल्या. हायड्राची बूम पुरती बाहेर काढली की ती दहा मीटरच्या वर जाते. अमेरिकेचा कामगार सुरक्षा कायदा ५० केव्हीपर्यंतच्या तारेपासून क्रेनचा कुठलाही भाग १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर, दूर ठेवायला सांगतो. आपल्याकडे त्याहून सोपा मार्ग म्हणजे महावितरणच्या लाइनमनला गाठून लाइन बंद करून घेणं. तार चिकटलीच तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसून राहावं आणि शक्य असेल तर बूम बाजूला घ्यावी. टायर रबराचे आहेत म्हणून आपण वाचतो या भरवशावर राहू नये. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी हात-पाय न लावता, दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न उचलता घसटत दूर जावं. कारण जमिनीतही वीज पसरलेली असते आणि दोन पावलांमधल्या अंतरातून ती अंगात शिरते. अशा अपघातात पहिला बळी बहुधा ड्रायव्हरचा जात नाही. तो माल धरून खाली उभ्या असलेल्या हेल्परचा जातो.

हेल्पर हा या धंद्यातला सगळ्यात कमी पगाराचा आणि सगळ्यात जास्त धोक्याचा माणूस. पट्टा तोच बांधतो. दोन पायांच्या पट्ट्याचा कोन त्याला कुणी शिकवलेला नसतो. पट्ट्याचे पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर १ टनाच्या मालासाठी प्रत्येक पायावर ५७७ किलो ताण येतो, ४५ अंशांत ७०७ किलो, आणि ३० अंशांत पूर्ण १ टन. पट्टा आखूड म्हणून फाकवून बांधला की दोन पट्टे असून एकाचंच बळ उरतं. वायररोपचं तसंच. नियम असा की दोराच्या जाडीच्या आठपट लांबीत एकूण तारांपैकी १० टक्क्यांहून जास्त तारा तुटलेल्या दिसल्या तर दोर बाद. १२ मिलिमीटरच्या दोरासाठी ही लांबी ९६ मिलिमीटर, म्हणजे फार तर पाच बोटं. सहा लडींच्या दोराच्या प्रत्येक लडीत ३७ तारा धरल्या तर एकूण २२२. पाच बोटांच्या अंतरात २३ टोकं वर आलेली दिसली की दोर उतरवायचा. चिंधी घेऊन दोरावरून हात फिरवला की ती टोकं चिंधीला अडकतात. उघडा हात फिरवला तर तळव्यात घुसतात. हुकाची झडप तुटलेली असणं आणि तिच्या जागी बांधकामाची तार गुंडाळलेली असणं ही तर रोजची बाब.

इंजिनाची निगा हा कंटाळवाणा विषय समजला जातो, आणि बंद पडलेल्या क्रेनांपैकी पुष्कळ त्या कंटाळ्यानेच बंद पडतात. सकाळी गाडी सपाट जागी उभी असताना ऑइल, पाणी, पट्टे आणि हायड्रॉलिक टाकीची पातळी पाहायची. बार्शीच्या मार्चनंतरच्या धुळीत एअर फिल्टर लवकर चोंदतो. काळा धूर निघू लागला की पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हायड्रॉलिक तेलही तापून पातळ होतं. ते ८० अंशांच्या पुढे गेलं की सील कडक पडू लागतात आणि उचललेला माल आपोआप इंचाइंचाने खाली येऊ लागतो. तेव्हा कूलरची जाळी साफ करून थोडं थांबायचं असतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. होजपाइपची गळती बोटाने चाचपायची नसते, हे फार थोड्यांना. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून दाबाखाली निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम डासाच्या चाव्याएवढी दिसते, दुखत नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. गळती पाहायची ती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून. तेल आत गेलंच तर दुखण्याची वाट न पाहता तडक शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना ‘दाबाखालचं तेल शिरलं आहे’ असं स्पष्ट सांगायचं.

उचलता उचलता इंजिन बंद पडलं तर? माल धाडकन पडेल ही भीती सार्वत्रिक आहे. सिलिंडरच्या तोंडाशीच बसवलेला होल्डिंग व्हॉल्व्ह तेल अडवून धरतो, त्यामुळे इंजिन थांबलं किंवा होज फुटला तरी बूम जागेवर राहावी अशी रचना असते. स्टिअरिंग मात्र दगडासारखं जड होतं. म्हणून माल घेऊन चालताना डिझेलचा काटा तळाला टेकलेला असणं हा आळस नव्हे, गुन्हा म्हणावा असा प्रकार आहे. आणि चहा प्यायला उतरताना हुकाला माल लटकत ठेवणं हाही.

कायदा यातलं बरंच काही सांगतो. २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत १९४८ च्या कारखाने कायद्याचं २९ वं कलम उचलण्याच्या यंत्रांची, साखळ्यांची आणि दोरांची वर्षातून किमान एकदा सक्षम तज्ज्ञाकडून कसून तपासणी मागत होतं. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या, त्याच वर्षी रद्द झालेल्या कायद्याखालचे नियम वर्षाच्या तपासणीबरोबर दर पाच वर्षांनी वजन लावून चाचणी घ्यायला सांगत, आणि बूमच्या स्थितीनुसार क्षमता बदलणाऱ्या क्रेनवर आपोआप इशारा देणारा लोड इंडिकेटर असावा असंही म्हणत. हुक बूमच्या टोकावर आदळण्याआधी थांबवणारा लिमिट स्विचही त्याच जातीचा. बूम लांबवताना दोर सोडायला विसरलं तर तो एकटाच दोर तुटण्यापासून वाचवतो. घोळ असा की मोटार वाहन नियमांच्या लेखी क्रेन हे बांधकामाचं यंत्र आहे, रस्त्यावर थोड्या वेळापुरतं आणि ५० किलोमीटरच्या आतल्या वेगाने येणारं. रस्त्यावर ट्रॉली उचलणारी क्रेन कारखान्यात नसते, बांधकामावरही नसते. तिथे तपासायला कुणी येत नाही.

मोठे अपघात मात्र सगळी तपासणी असलेल्या जागीही झाले आहेत. १४ जुलै १९९९ ला अमेरिकेतल्या मिलवॉकी इथे स्टेडियमच्या छताचा सुमारे साडेचारशे टनांचा भाग उचलताना ‘बिग ब्लू’ नावाची अवाढव्य क्रेन कोसळली आणि तीन कामगार गेले. क्रेनवर वारा किती बसेल याचा विचार झाला होता. तिने उचललेल्या त्या भल्यामोठ्या छतावर किती बसेल, याचा नीट झाला नव्हता. आपल्याकडे ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळून २० जणांचा जीव गेला. ते यंत्र हायड्राच्या जातीचं नव्हतं, पण पाठोपाठ बातम्यांत जो शब्द फिरला तो ‘क्रेन’ हाच, आणि त्यानंतर मोठ्या कंत्राटदारांच्या गेटवर कागद पाहण्याची कडकाई वाढली तर नवल नाही.

ही कडकाई तशी आधीपासूनची. देशातल्या अनेक मोठ्या कारखान्यांनी आणि बांधकाम कंपन्यांनी जुन्या बनावटीच्या हायड्राला आपल्या आवारात बंदी केली आहे. त्यांना समोरचं मोकळं दिसणारी नवी रचना हवी असते. बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्यांची कामं निघाली, महामार्गांची निघाली, की क्रेनमालकाकडे पहिली मागणी तपासणीच्या दाखल्याची, दुसरी ऑपरेटरच्या लायसन्सची. ज्यांच्याकडे ती नसते त्यांच्या गाड्या विकल्या जात नाहीत. त्या गावातच राहतात आणि जिथे कुणी काही विचारत नाही अशी कामं करतात.

अशा कामांत गेल्या काही वर्षांत एक नवं काम आलं आहे. पुढाऱ्याच्या स्वागताला क्रेनने भलाथोरला हार घालायचा. २०२३ च्या मराठा आरक्षणाच्या सभांत तर जेसीबीतून फुलं आणि क्रेनने हार हा शिरस्ताच पडला. दहीहंडीही क्रेनला टांगली जाते. हाराचं वजन क्रेनच्या मानाने काहीच नसतं, आणि म्हणूनच कुणी चार्ट पाहत नाही. पण हार दुरून दिसायला हवा, म्हणून बूम पूर्ण लांब. नेता गाडीतून पुढे सरकतो, म्हणून क्रेनही सरकते. हाराची घडी सोडवायला दोन पोरं हुकाजवळ चढतात. खाली गर्दी, वर तारा.

२२ जानेवारी २०२३ ला तमिळनाडूत अरक्कोणमजवळच्या कीळवीदी गावात देवीच्या जत्रेत हेच झालं. देवतेला हार घालण्यासाठी भाविकांना क्रेनवर चढवलं होतं. मिरवणुकीत क्रेन कलंडली आणि ४ जण गेले. तिने उचललं होतं ते तिच्या ताकदीच्या मानाने किरकोळ होतं. आपल्याकडे मंडळाचे कार्यकर्ते क्रेन ठरवताना अजूनही दोनच गोष्टी विचारतात : भाडं किती, आणि हार किती उंच जाईल.